महोत्सव संपला, शंका उरल्या

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने राज्यात ठिकठिकाणी जे विज्ञान महोत्सव, खुले दिवस आणि प्रदर्शने भरतात, त्यांविषयी वाचकांनी आपले प्रश्न आणि अनुभव कळवावेत, असे आवाहन आम्ही फेब्रुवारीच्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांत पालकांची संख्या सर्वाधिक असली, तरी शिक्षकांनी आणि आयोजकांनी विचारलेले प्रश्न अधिक नेमके आहेत, त्यामुळे या अंकात त्यांना जागा थोडी जास्त दिली आहे. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे न देता केवळ गाव दिले आहे.

प्रश्न : विज्ञान दिन २८ फेब्रुवारीलाच का, हे मुलांना आता कोणी सांगतही नाही. जादूचे प्रयोग, सेल्फीसाठी उभारलेल्या कमानी आणि खाण्याचे स्टॉल यांमुळे महोत्सवाची जत्रा झाली आहे. याने विज्ञानाचा प्रसार होतो, असे आपणास खरोखर वाटते का? (निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : प्रथम तारखेविषयी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्या सहकार्याने कोलकात्यात केलेल्या प्रयोगांत २८ फेब्रुवारी १९२८ रोजी असे आढळले की, द्रवातून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी अल्प भाग मूळ प्रकाशापेक्षा वेगळ्या रंगाचा होऊन बाहेर पडतो. हाच रामन परिणाम. या शोधासाठी रामन यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा दिवस विज्ञान दिन म्हणून पाळण्याचा निर्णय केंद्र सरकारने १९८६ साली घेतला आणि १९८७ पासून तो देशभर साजरा होऊ लागला.

आता जत्रेविषयी. जत्रेचा आम्हाला आपल्याइतका राग येत नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ साली सुरू झालेली नाताळची व्याख्याने आज आदराने आठवली जातात, पण त्यांतही डोळे दिपवणारे प्रयोग होतेच आणि ते पाहण्यासाठीच माणसे गर्दी करीत. मनोरंजनासाठी आलेला माणूस एखाद्या टेबलापाशी दहा मिनिटे रेंगाळला आणि प्रतिप्रश्न करून गेला, तर महोत्सवाचा हेतू साधला असे म्हणता येते. आमची तक्रार निराळी आहे. महोत्सव यशस्वी झाला हे सांगताना आयोजक किती हजार माणसे येऊन गेली याचा आकडा देतात, आणि तो आकडा वाढवण्यासाठी स्वयंसेवक मुलांना "चला, पुढे चला" म्हणत रांग हलवीत राहतात. एखाद्या मुलाच्या वाट्याला प्रत्येक टेबलापाशी अर्धा मिनिट येत असेल, तर तिथे कमान असली काय आणि नसली काय, फरक पडत नाही. आपण पुढच्या वर्षी गेलात, तर एक परीक्षा घेऊन पाहावी. प्रयोग दाखवणाऱ्या विद्यार्थ्याचे पाठ केलेले निवेदन संपले, की त्याला "हे असे केले नाही तर काय होईल?" एवढेच विचारावे. तो साहित्य हाती घेऊन करून पाहू लागला, तर त्या महोत्सवात शिकण्याजोगे काही घडते आहे असे समजायला हरकत नाही.

प्रश्न : तिसरी आणि सहावीतल्या दोन मुलांना घेऊन आम्ही पुण्यात एका संस्थेच्या खुल्या दिवसाला गेलो. निम्मा वेळ रांगेत गेला आणि मुले कंटाळली. इतक्या गर्दीत नेमके काय पाहावे? खोडदची मोठी दुर्बीण लहान मुलांना दाखवण्यासारखी आहे का? (पालक, चिंचवड)

उत्तर : सगळे पाहायचे हा आग्रह सोडला, की निम्मा त्रास कमी होतो. घरून निघतानाच मुलांना प्रत्येकी दोन गोष्टी निवडायला सांगाव्यात आणि उरलेल्या सुटल्या तर सुटू द्याव्यात. दुसरी गोष्ट अशी की, काही वस्तू रांगेत उभे राहून पाहण्याच्या नसतात, पुन्हा येऊन पाहण्याच्या असतात. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. तिची स्थापना १९८८ साली जयंत नारळीकर यांनी केली. तिथे फूकोचा लंबक आहे. जाणारा-येणारा त्याच्यासमोर मिनिटभर थांबतो, एक जड गोळा हलतो आहे एवढे पाहतो आणि पुढे जातो. वास्तविक त्या लंबकाच्या झोक्याची दिशा पृथ्वीच्या परिवलनामुळे हळूहळू वळत असते. ध्रुवावर ही दिशा दिवसाभरात पूर्ण फेरी घेईल, विषुववृत्तावर मुळीच वळणार नाही. पुण्याच्या अक्षांशावर ती तासाला पाच अंशांपेक्षा किंचित कमी वळते आणि पूर्ण फेरीला तीन दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. तेव्हा आत शिरताच मुलांना झोक्याची दिशा एखाद्या खांबाच्या किंवा फरशीच्या रेषेच्या संदर्भाने वहीत काढून ठेवायला सांगावे आणि दोन तासांनी निघताना पुन्हा तिथे न्यावे. साडेनऊ अंशांचा फरक तिसरीतल्या मुलालाही दिसतो, आणि पृथ्वी फिरते हे त्याने पुस्तकाबाहेर प्रथमच पाहिलेले असते. याच आवारात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिथली टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी लहान मुलाला दुर्बिणीपेक्षाही जास्त वेळ गुंतवून ठेवतात.

खोडदला अवश्य न्यावे. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावाच्या पूर्वेला हे गाव आहे. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे दुर्बीण पाहण्यासाठी खुली असते आणि परिसरातील शाळांच्या प्रयोगांचे प्रदर्शनही भरते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना मिळून ही एक रेडिओ दुर्बीण होते, म्हणजे ती प्रकाशाऐवजी आभाळातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते. त्यांतल्या १४ मध्यवर्ती भागात जवळजवळ आहेत आणि १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. मुलांना अँटेनाखाली उभे करून वर पाहायला सांगावे, म्हणजे तिच्यातून आभाळ दिसते हे त्यांच्या लक्षात येईल. तिचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून तारेच्या जाळीचा आहे. जिथे तरंगलांबी वीस सेंटिमीटरहून मोठी आहे, तिथे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची भोके लहरींना जाणवतच नाहीत, आणि वारा मात्र त्यांतून आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला. तिथे मोबाइल बंद करायला सांगतात, तेव्हा मुलांना त्याचे कारण जरूर सांगावे. दूरच्या दीर्घिकांकडून येणारा रेडिओ संदेश इतका क्षीण असतो, की खिशातला फोन त्याच्यापुढे आरडाओरडा करणाराच ठरतो. तारीख आणि वेळ मात्र निघण्यापूर्वी संस्थेच्या निवेदनावरून पडताळून घ्यावी.

प्रश्न : प्रदर्शनात आमच्या विद्यार्थिनींनी ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती ठेवून तिच्यावर पेला उपडा घालण्याचा प्रयोग मांडला. "ऑक्सिजन जळून गेला, म्हणून त्याच्या जागी पाणी चढले" असे त्यांनी सांगितले. परीक्षकांनी हे चूक आहे म्हणून गुण कापले, पण बरोबर काय ते सांगितले नाही. आम्ही तर वर्षानुवर्षे हेच शिकवत आलो आहोत. (विज्ञान शिक्षिका, कराड)

उत्तर : परीक्षकांचे म्हणणे योग्य होते, पण कारण न सांगता गुण कापणे योग्य नव्हते. विज्ञान प्रदर्शनांत सर्वांत जास्त वेळा मांडला जाणारा आणि सर्वांत जास्त वेळा चुकीचा समजावला जाणारा प्रयोग बहुधा हाच असावा. हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो आणि पाणीही साधारण तेवढेच चढलेले दिसते, या योगायोगाने भल्याभल्यांना फसवले आहे.

आपल्या विद्यार्थिनींना पाणी नेमके केव्हा चढते, याकडे लक्ष द्यायला सांगावे. ऑक्सिजन संपत जातो म्हणून पाणी चढत असेल, तर ज्योत जळत असताना ते सावकाश वर सरकत राहायला हवे. प्रत्यक्षात ज्योत जळत असेपर्यंत पाणी फारसे हलत नाही. ती मंदावून विझते आणि त्यानंतरच पाणी झपाट्याने आत येते. पेला उपडा घालतानाच्या क्षणी त्याच्या कडेखालून बुडबुडे निघतात का, हेही पाहावे. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावून आधीच थोडी बाहेर निघून गेलेली असते, आणि ज्योत विझल्यावर आत राहिलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, म्हणून बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. शिवाय मेण जळताना ऑक्सिजन नुसता नाहीसा होत नाही. त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. वाफ पेल्याच्या थंड काचेवर दवासारखी जमते, तिने पाणी चढण्यास थोडा हातभार लागतो हे खरे. कार्बन डायऑक्साइड मात्र इतक्या थोड्या वेळात पाण्यात फारसा विरघळत नाही. आणि बराचसा ऑक्सिजन शिल्लक असतानाच ज्योत विझते.

हे सारे सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे आहे. त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावाव्यात. पेल्यातला ऑक्सिजन तेवढाच असूनही पाणी अधिक उंच चढते, कारण हवा अधिक तापलेली असते. त्यानंतर मेणबत्तीच काढून टाकावी. कढत पाण्याने पेला आतून तापवून घ्यावा, पाणी ओतून टाकावे आणि लगेच तो ताटलीतल्या गार पाण्यात उपडा ठेवावा. काहीही न जळता पाणी वर चढते.

हवेतला ऑक्सिजन एक पंचमांश असतो हे दाखवायचेच असेल, तर त्याचीही सोय आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या स्टील वूलचा बोळा व्हिनेगरमध्ये भिजवून झटकावा, उंच नळीच्या किंवा परीक्षानळीच्या तळाशी घट्ट बसवावा आणि नळी पाण्यात उपडी उभी करावी. स्टील वूल लवकर गंजणाऱ्या लोखंडाचे हवे. भांडी घासण्याची स्टेनलेस स्टीलची घासणी चालत नाही. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेते, त्यातून कोणताही वायू तयार होत नाही आणि हवा तापतही नाही. दुसऱ्या दिवशी पाणी नळीच्या जवळजवळ एक पंचमांश उंचीवर येऊन थांबलेले आढळेल. प्रदर्शनात मेणबत्तीचा आणि गंजाचा, असे दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी ठेवून "यांतला कोणता प्रयोग ऑक्सिजन मोजतो?" अशी पाटी लावली, तर परीक्षकांनाही थांबून विचार करावा लागेल.

जाता जाता आणखी एका लाडक्या प्रतिकृतीविषयी. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस उसळणारा मातीचा ज्वालामुखी महाराष्ट्रातल्या प्रदर्शनांत पाहिला, की हळहळ वाटते. ज्या दख्खनच्या पठारावर आपण उभे आहोत, ते अशा शंकूच्या तोंडातून उडालेल्या लाव्ह्याने झालेले नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून वाहत आलेल्या लाव्ह्याचे थरांवर थर साचून ते तयार झाले. कराडजवळच्या कोणत्याही डोंगराच्या उतारावर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. त्यांचे चित्र आणि हाताशी काळ्या पाषाणाचे दोन-चार तुकडे ठेवले, तरी सोड्याच्या फेसापेक्षा सरस प्रदर्शन होईल.

प्रश्न : आमच्या संस्थेला पुढच्या महोत्सवात द्रव नायट्रोजनचे प्रात्यक्षिक ठेवायचे आहे. सभागृह वातानुकूलित असून तीनशे आसनांचे आहे. काय काळजी घ्यावी? (संस्थेचे कार्यवाह, ठाणे)

उत्तर : सर्वप्रथम जागा बदलावी. द्रव नायट्रोजनचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते आणि एक लिटर द्रवाचा सुमारे सातशे लिटर वायू होतो. खिडक्या बंद असलेल्या जागेत, विशेषतः व्यासपीठामागच्या लहान खोलीत पात्र ठेवले असेल तिथे, हा वायू ऑक्सिजनला बाजूला सारतो. नायट्रोजनला वास नाही आणि रंग नाही, त्यामुळे माणसाला धोक्याची जाणीव होण्याआधीच शुद्ध हरपू शकते. मोकळे अंगण किंवा दोन्ही बाजूंनी उघडा मंडप हीच या प्रयोगाची जागा होय. प्रयोग करणाऱ्याच्या चेहऱ्यावर पारदर्शक ढाल, हातांत चटकन काढता येतील असे सैल उष्णतारोधक मोजे आणि पायांत बंद बूट असावेत. द्रव कोणत्याही परिस्थितीत घट्ट झाकणाच्या बाटलीत भरू नये, कारण ती बाटली फुटते. पहिल्या रांगेतल्या मुलांपर्यंत द्रवाचे थेंब उडणार नाहीत इतके अंतर राखावे. ज्यांनी हे काम पूर्वी केले आहे अशा महाविद्यालयातील प्रयोगशाळेच्या माणसांनाच बोलवावे. चित्रफीत पाहून शिकण्याचे हे काम नव्हे. आणि महोत्सवाच्या आवारात तोंडातून धूर काढणारी बिस्किटे विकणाऱ्याला जागा देऊ नये. पदार्थात द्रव शिल्लक राहिला आणि पोटात गेला, तर गंभीर इजा होते.

आता प्रात्यक्षिकाविषयी थोडे. पात्रातून जो पांढरा धूर लोटतो तो नायट्रोजन आहे, असे बहुतेक प्रेक्षक समजतात आणि निवेदकही तो समज तसाच राहू देतो. तो धूर म्हणजे सभोवतालच्या हवेतली, थंडीने गोठलेली वाफ असते. ठाण्याच्या दमट हवेत तो भरपूर दिसेल, सोलापुरात कमी. फुगवलेला फुगा द्रवात बुडवून चपटा होतो आणि बाहेर काढल्यावर आपोआप पुन्हा फुगतो, हा प्रयोग टाळ्या घेतोच. तो करण्यापूर्वी मात्र प्रेक्षकांकडून हात वर करून घ्यावेत : फुटेल म्हणणारे किती, आक्रसेल म्हणणारे किती, काहीच होणार नाही म्हणणारे किती. एकदा अंदाज केला, की माणूस निकालाकडे लक्ष देऊन पाहतो.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी महोत्सवात "स्वतःची मोटर बनवा" अशी कार्यशाळा घेतो. एका वेळी चाळीस मुले असतात आणि निम्म्यांची मोटर फिरतच नाही. मुले हिरमुसतात. सुटे भाग आधी जोडून द्यावेत का? (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : जोडून देऊ नयेत. जोडून दिलेली मोटर फिरली, तर ती तुमची मोटर असते. मोटर का फिरली नाही हे शोधून काढणे, हाच या कार्यशाळेतला खरा भाग आहे आणि त्याला आपण वेळ ठेवलेला नाही, असे पत्रावरून दिसते.

अरविंद गुप्ता यांनी ज्या स्वस्त खेळण्यांचा देशभर प्रसार केला, त्यांतली ही एक सेलची मोटर आहे. वाइंडिंगच्या दुकानात मिळणारी मुलामा दिलेली तांब्याची तार सेलभोवती दहा-पंधरा वेळा गुंडाळून वेटोळे करतात आणि तिची दोन टोके समोरासमोर आसासारखी बाहेर काढतात. सायकलच्या ट्यूबच्या रबरी पट्टीने सेलच्या दोन्ही टोकांना सेफ्टी पिना अडकवून, त्यांच्या नेढ्यांत हा आस ठेवतात आणि सेलवर एक चुंबक चिकटवतात. सगळी मेख तारेचा मुलामा खरवडण्यात आहे. एक टोक सर्व बाजूंनी खरवडायचे आणि दुसरे टोक फक्त अर्धे, म्हणजे वेटोळे उभे धरल्यावर टोकाची एकच बाजू. दोन्ही टोके पूर्ण खरवडली, तर वेटोळे अर्धा फेरा पुरा करते, पण त्यानंतर चुंबकाचा रेटा उलट दिशेला होतो, म्हणून ते मागेपुढे डुलत राहते आणि थांबते. अर्ध्या बाजूला मुलामा राहिला, की नेमक्या त्या उलट रेट्याच्या वेळी प्रवाह खंडित होतो आणि वेटोळे मिळालेल्या गतीनेच उरलेला अर्धा फेरा काढते. मोठ्या मोटरमध्ये कम्युटेटर जे काम करतो, तेच इथे अर्धवट खरवडलेला मुलामा ओबडधोबडपणे करतो. हे मुलांना आधी सांगू नये. अर्ध्या मुलांना दोन्ही टोके पूर्ण खरवडायला सांगावे, अर्ध्यांना एक टोक अर्धे, आणि मग कोणाची फिरते ते पाहू द्यावे.

न फिरण्याची कारणे बहुधा ठरलेली असतात. मुलामा नखाने खरवडलेला असतो, त्याला बारीक पॉलिश पेपर लागतो. दोन टोके एका रेषेत नसतात, त्यामुळे वेटोळे एका बाजूला जड होऊन अडते. सेल उतरलेला असतो. बंद पडलेले वेटोळे तसेच ठेवले, तर तार आणि सेल तापतात, म्हणून ते लगेच बाजूला काढायला सांगावे. याची एक तपासयादी भिंतीवर लावावी आणि तक्रार घेऊन येणाऱ्या मुलाला प्रथम त्या यादीपाशी पाठवावे. चाळीस मुलांना पाऊण तास पुरत नाही. एका वेळी वीस मुले, दीड तास आणि दर सात-आठ मुलांमागे तुमच्यापैकी एक, असे गणित बसवावे. उपस्थितीचा आकडा निम्मा होईल. आयोजकांना तो चालत नसेल, तर कार्यशाळा दोन दिवस घ्यावी.

प्रश्न : मी महोत्सवात दुर्बिणीतून गुरू पाहिला. तो अगदी लहान दिसला. पुस्तकातल्या फोटोसारखे रंग का दिसले नाहीत? दुर्बीण खराब होती का? (आठवीतला विद्यार्थी, बारामती)

उत्तर : दुर्बीण खराब नव्हती. फोटो बहुधा अवकाशयानाने जवळून घेतलेले किंवा मोठ्या दुर्बिणीतून बराच वेळ प्रकाश साठवून तयार केलेले असतात. तुझा डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत तीन-चार बारीक ठिपके तुला दिसले असतील. ते त्याचे चंद्र. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत लागोपाठ काही रात्री त्यांची चित्रे काढली आणि ते गुरूभोवती फिरतात हे ओळखले. पुढच्या वेळी वही घेऊन जा. ठिपके कुठे आहेत ते काढ आणि जमल्यास दुसऱ्या रात्री पुन्हा पाहा. चंद्र पाहायचा असेल तर पौर्णिमेला जाऊ नकोस, अष्टमीच्या सुमारास जा. तेव्हा ऊन तिरपे पडते आणि विवरांच्या सावल्या लांब दिसतात. दुर्बीण सूर्याकडे मात्र कधीही वळवायची नाही.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयात विज्ञान सप्ताहात व्याख्याने ठेवली, पण पुण्या-मुंबईचे वक्ते मिळत नाहीत आणि मिळाले तर श्रोत्यांना कृष्णविवरांवरचे भाषण झेपत नाही. शेवटी प्रश्नही कोणी विचारत नाही. (ग्रंथपाल, सावंतवाडी)

उत्तर : कृष्णविवर सावंतवाडीपासून फार दूर आहे. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे मायरिस्टिका जातीच्या झाडांची जी दलदल आहे, ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेली आहे. पाण्यातून वर डोकावणारी त्या झाडांची मुळे चिखलात श्वास कसा घेतात, या विषयावर जवळच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मराठीत बोलू शकतील आणि दुसऱ्या दिवशी श्रोत्यांना तिथे नेऊही शकतील. सड्यावरचा जांभा दगड सच्छिद्र का, विहिरींना उन्हाळ्यात पाणी का टिकत नाही, असे विषयही आपल्याकडे आहेत. १९६६ पासून मराठीतून विज्ञानप्रसार करणाऱ्या मराठी विज्ञान परिषदेकडे वक्त्यांसाठी विचारणा करता येईल.

प्रश्न न येण्याचे कारण बहुतेक वेळा संकोच हे असते. भाषण चाळीस मिनिटांवर थांबवावे, चिठ्ठ्या वाटाव्यात आणि पहिले पाच प्रश्न मुलांचेच घ्यावेत. जयंत नारळीकर व्याख्यानानंतर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करून ते परत धाडीत. ग्रंथालयाला हे जमण्यासारखे आहे. न सुटलेले प्रश्न फलकावर लावावेत आणि महिनाभरात उत्तरे मिळवून त्याच फलकावर लिहावीत. वक्त्याचा सत्कार आणि आभारप्रदर्शन यांना लागणारा वेळ निम्मा केला, तरी प्रश्नोत्तरांसाठी बरीच जागा होईल.

प्रश्न : आमची शाळा लहान आहे, निधी नाही. तारांगण, दुर्बीण, शहरातले वक्ते काहीच शक्य नाही. तरी आमच्या मुलांनी विज्ञान दिनी काहीतरी मोठे करावे असे वाटते. (मुख्याध्यापिका, नाशिक जिल्हा)

उत्तर : पृथ्वीचा परीघ मोजावा. त्यासाठी एक मीटर उंचीची सरळ काठी, ओळंबा, खडू, मोजपट्टी आणि दक्षिणेला तीन-साडेतीनशे किलोमीटरवर असलेली एक मित्रशाळा एवढेच लागते. कोल्हापूर जिल्ह्यातली एखादी शाळा यासाठी उत्तम, कारण कोल्हापूर जवळजवळ नाशिकच्या सरळ दक्षिणेला आहे.

ओळंबा लावून काठी सपाट जागेवर अगदी उभी करावी. दुपारी सव्वाबारापासून सव्वावाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. सूर्याकडे कोणीही पाहायचे नाही, सावलीकडेच पाहायचे. सर्वांत आखूड सावली घड्याळात बारा वाजता पडत नाही, फेब्रुवारीच्या अखेरीस ती आपल्याकडे पाऊणच्या सुमारास पडते. ती सावली बरोबर उत्तरेकडे रोखलेली असते. २८ फेब्रुवारीला नाशिकमध्ये एक मीटर काठीची ही आखूड सावली सुमारे ५३ सेंटिमीटर, तर कोल्हापुरात सुमारे ४६ सेंटिमीटर भरते. काठी आणि सावली कागदावर प्रमाणात काढून कोनमापकाने मोजले, की नाशिकला सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून २८ अंश आणि कोल्हापूरला पावणेपंचवीस अंशांच्या आसपास कललेला मिळतो. फरक ३.३ अंश. पृथ्वी गोल असल्यामुळेच हा फरक पडतो, म्हणजे दोन शहरांमधले अंतर हा परिघाच्या ३६० अंशांपैकी ३.३ अंशांचा तुकडा असतो. नकाशावर दोन्ही शहरांमधले उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३६५ किलोमीटर आहे. ३.३ अंशांना ३६५, तर ३६० अंशांना किती, हे त्रैराशिक सहावीतल्या मुलांना सुटते आणि उत्तर ४० हजार किलोमीटरच्या जवळ येते.

अडचण मोजण्यात आहे, आणि मुलांचा वेळ तिथेच जाऊ द्यावा. सूर्य हा बिंदू नसून आकाशात अर्धा अंश रुंदीची तबकडी आहे, त्यामुळे सावलीचे टोक धारदार नसते. एक मीटर काठीच्या सावलीला सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची अस्पष्ट कड असते. दोन्ही शाळांच्या सावल्यांतला फरक जेमतेम सात सेंटिमीटर असताना, एका शाळेने एका सेंटिमीटरची चूक केली, तर परिघाचे उत्तर जवळजवळ एक सप्तमांशाने बिघडते. काठी दुप्पट उंच केली तर हातून होणाऱ्या चुकीचा परिणाम कमी होतो, पण अस्पष्ट कडही दुप्पट रुंद होते. म्हणून दोन्ही शाळांच्या मुलांनी आधीच फोनवर बोलून सावलीचे टोक कुठे धरायचे ते ठरवावे. कडेचा मध्य धरा किंवा सावली पूर्ण नाहीशी होते ती जागा धरा, दोन्हीकडे नियम एकच असला की चूक बरीचशी परस्पर वजा होते. प्रत्येक शाळेत चार-पाच गटांनी स्वतंत्र काठ्या लावून मापे घ्यावीत, ती न बदलता तक्त्यात लिहावीत आणि सरासरी काढावी. हाच तक्ता प्रदर्शनात लावावा.

ढगांची तयारी ठेवावी. या दिवसांत सूर्य दररोज सुमारे ०.४ अंश उत्तरेकडे सरकत असतो, म्हणजे एका दिवसाचा फरकही आपल्या ३.३ अंशांच्या एक दशमांशाहून अधिक आहे. त्यामुळे एका शाळेने २८ फेब्रुवारीला आणि दुसरीने त्यानंतरच्या दिवशी मोजलेली मापे एकत्र चालणार नाहीत. एकीकडे आभाळ भरून आले, तर दोन्ही शाळांनी पुढचा दिवस धरावा.